दर पाचवं मूल

५ सप्टेंबर

ही डायरी फुकट मिळाली. स्टॉपवॉचसाठी सेल घ्यायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, घेऊन जा, आठ महिने उलटलेली डायरी आता कोण विकत घेतंय. पहिल्या आठ महिन्यांची पानं कोरी आहेत. त्या आठ महिन्यांत मी काय केलं असं कुणी विचारलं तर तीच दाखवीन.

नोकरी लागली. नोकरी म्हणजे वर्षअखेरपर्यंतचं काम. ताईकडे पंधरा दिवसांसाठी म्हणून आलो त्याला दोन महिने होत आले. ताई तोंडाने काही म्हणत नाही, पण माझ्या शर्टाला इस्त्री करताना जोर जरा जास्त लावते. शेवटी भाऊजींनीच सोय केली. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. एका कचेरीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत नेमक्या त्या कचेरीच्या मुख्य बाई. भाऊजी वरून पाना फिरवत होते आणि बाई आतून गाऱ्हाणं सांगत होत्या, की शाळाशाळांत जाऊन मुलांची चाचणी घ्यायला माणसं मिळत नाहीत.

भाऊजी म्हणाले, "माझा मेहुणा रिकामा आहे."

"शिकलेला आहे का?"

"उंच आहे," भाऊजी म्हणाले.

घेतलं मला.

७ सप्टेंबर

मुख्य बाईंनी काम समजावलं. मनात मी त्यांना मोजणीबाई म्हणतो, तोंडावर मॅडम. नऊ लाकडी ठोकळे असतात. त्यांच्या काही बाजू लाल, काही पांढऱ्या, काही तिरक्या अर्ध्या-अर्ध्या. मुलासमोर एक कार्ड ठेवायचं, त्यावर घर किंवा बाण किंवा होडी. मुलाने ठोकळे जोडून तसंच चित्र करायचं. मी समोर बसायचं, घड्याळ दाबायचं, वेळ लिहायची आणि काही बोलायचं नाही. शेवटचं जड जाणार.

मुलं सहा-सात वर्षांची. तीही आपल्या मनाने निवडायची नाहीत. वर्गाची हजेरी मागायची आणि दर पाचवं नाव घ्यायचं. हुशार असो, नाक गळत असो, पाचवं म्हणजे पाचवं. कागदावर नावही लिहायचं नाही, नुसतं वय आणि वेळ.

मी विचारलं, "मॅडम, घर करायला किती वेळ लागला म्हणजे ठीक?"

"ते कुणालाच माहीत नाही. म्हणून तर हा खटाटोप. पुष्कळ मुलांना किती लागतो ते बघायचं, सरासरी काढायची. मग त्या वयाच्या मुलाला किती लागायला हवा ते कळतं."

"लागतो आणि लागायला हवा, हे एकच?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "घड्याळाला सेल आणलेत ना?"

आणले होते.

१२ सप्टेंबर

माझी खाट सामानाच्या खोलीत आहे. एकीकडे शिलाई मशीन, दुसरीकडे भाऊजींची तारांची भेंडोळी. खाट आखूड आहे. आजवर जिथे जिथे राहिलो तिथली प्रत्येक खाट आखूडच होती, मालवाहू जहाजावरची, सर्कशीच्या तंबूतली, लाँड्रीच्या माळ्यावरची. कुणीतरी सगळ्या माणसांची उंची मोजून, बेरीज करून, भागाकार करून खाटा बनवल्या असणार आणि नेमका त्या दिवशी मी दुसरीकडे गेलो असणार. शाळेतही उंचीमुळे शेवटच्या बाकावर असायचो. तिथून फळा दिसत नसे, खिडकी दिसे. त्यामुळे माझं शिक्षण झालं ते बरंचसं खिडकीचंच.

हे लिहायचं नव्हतं. मुंगीबद्दल लिहायचं होतं.

मुंगी ताईची मुलगी, सहा वर्षांची. सगळे तिला मुंगी म्हणतात, कारण ती कुठलीही गोष्ट एकेक करून नेते. आधी ताट, मग परत जाऊन चमचा, मग परत जाऊन पाव. दोन हातांत दोन वस्तू हे तिला पटतच नाही. काही विचारलं तर इतक्या वेळाने उत्तर देते की विचारणारा तोवर निघून गेलेला असतो. मी जात नाही. मला जायला ठिकाण नाही. त्यामुळे या घरात माझ्याशी सर्वांत जास्त बोलणारं माणूस तीच.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही समोरासमोर बसतो आणि ती चित्रं काढते. तिची तऱ्हाच वेगळी. छप्पर स्वतःच्या पोटाशी काढते आणि जमीन लांब, कोपर ताणून. आज झाड काढलं आणि झाडाखाली एक लांबलचक माणूस, पाय कागदाच्या कडेला टेकलेले.

"हा कोण गं?"

मी चहा संपवला, कप विसळला, परत येऊन बसलो. तेव्हा ती म्हणाली, "खाट लहान आहे."

फार हसलो. चित्र झकास होतं, मला कागद फिरवून घ्यावाही लागला नाही.

१९ सप्टेंबर

पहिली शाळा. पिवळ्या भिंती, जिन्यात ओल्या कपड्यांचा वास. दुसरीच्या मास्तरांनी हजेरी उघडली, बोटाने मोजत खाली आले आणि थांबले.

"हा नको हो. हा शर्टाची बटणं खातो. पुढची घ्या, पुढची चुणचुणीत आहे."

"पण पाचवा हा आहे ना?"

"तुम्ही वरून आलात," मास्तर म्हणाले. "वरून आलेल्या माणसासमोर मी बटणं खाणारा बसवू? शाळेची काही अब्रू आहे की नाही?"

मी वरून आलोय हे मला पहिल्यांदाच कळलं. तेवढ्यात चहा आला, बशीत दोन बिस्किटं. एका मुलाच्या जागी दुसरं मूल, मूल ते मूल, असं म्हणून मी गप्प बसलो. पुढची आली. केस चापून बसवलेले, तोंड धुतलेलं. मी घड्याळ दाबलं न दाबलं तोच घर उभं. पुढची सगळी मास्तरांनीच वेचून दिली. एकेक काय चपळ पोरं. जेवायच्या सुट्टीच्या आत काम आटोपलं.

मग कालव्यावर गेलो. तिथे होडी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेण्यासाठी दरवाजे लावून मध्ये पाणी भरतात. किती वेळ ते बघत बसलो, काही सांगता येत नाही. होडीवरच्या माणसाने विचारलं, काम हवंय का. म्हटलं, आहे सध्या.

घरी भाऊजींनी विचारलं, काय म्हणतेय मोजणी?

"हल्लीची मुलं फार हुशार आहेत," मी म्हणालो.

२७ सप्टेंबर

सगळ्या शाळांची रीत एकच. वर्षाला एखादा पाहुणा येतो, त्याच्यापुढे चांगलं तेच ठेवायचं. एका ठिकाणी मी जायच्या आतच मुलं ओळीने उभी होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ही आमची निवडक." मी हजेरीचं काढलं तर त्यांनी असं पाहिलं, जणू मी स्वयंपाकघरात डोकावून कचऱ्याचा डबा मागतोय.

माझ्याबरोबर आणखी चौघं हेच काम करतात, दुसऱ्या भागांत. कचेरीच्या जिन्यात भेटलो. त्यांनाही चहा मिळतो.

आज एका वर्गाच्या खिडकीतून एका मुलाने मला जीभ दाखवली. तो पाचवा असावा.

८ ऑक्टोबर

रविवार. ताई-भाऊजी मुंगीला घेऊन भाऊजींच्या आईकडे गेले. मला म्हणाले, चल. म्हणाले ते चप्पल घालता घालता म्हणाले, म्हणून नाही गेलो.

दुपारी कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवलो. टेबलं दोघांची नाहीतर चौघांची. मी बसलो की वेटर समोरची खुर्ची उचलून दुसऱ्या टेबलाला लावतो. विचारत नाही. मी एकटाच आहे हे त्याला दारातूनच कळतं कसं, याचं मला नवल वाटतं. आज मी म्हणणार होतो, राहू दे, कुणीतरी येणार आहे. पण मग तो वाट बघत बसला असता.

पावाचा पुडा आणला तर तोही चौघांच्या मापाचा. उरलेला कालव्यातल्या बदकांना घातला.

१६ ऑक्टोबर

ठोकळे घरी न्यायची मनाई आहे. पण सकाळी जी शाळा आहे ती घराच्या बाजूला, कचेरी उलट्या बाजूला, म्हणून पेटी घरी आणली. मुंगीला दिसलीच.

घराचं कार्ड ठेवलं. टेबलाच्या त्या बाजूला ती, या बाजूला मी, घड्याळ खिशात. तिने आधी नऊही ठोकळे एकेक करून सगळ्या बाजूंनी पाहिले. मग कार्ड पाहिलं, मग मला पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मी तोंडाला काही लागलंय का ते पुसलं. मग तिने सुरुवात केली. एक ठोकळा ठेवायची, टेबलावर मान वाकडी करून पलीकडून बघितल्यासारखं करायची, पुन्हा काढायची. ताईने दोनदा आत येऊन दिवा लागलाय की नाही ते पाहिलं.

पण घर झालं. अगदी सरळ, माझ्यासमोर उभं, लाल छप्पर वर, पांढरी भिंत खाली. मी म्हणालो, वा मुंगे, यात राहायला जाऊ.

ती नेहमीपेक्षा लवकर म्हणाली, "तुझी खाट मावेल."

ताई दारात उभी होती. म्हणाली, "किती वेळ लागला रे तिला?"

"घड्याळ लावलंच नव्हतं." खरंच लावलं नव्हतं.

"बाकीच्यांना किती लागतो?"

मी म्हणालो, मुलामुलावर असतं. ताई बघत राहिली. तिला पुढे काहीतरी विचारायचं होतं, पण मी पेटी आवरायला घेतली.

९ नोव्हेंबर

सरासरी छापून आली. पातळ निळं पुस्तक, प्रत्येक वयापुढे एक आकडा आणि एक आडवी रेषा. रेषेच्या वर ती वयाला साजेशी मुलं, खाली ती मागे पडलेली. हे आता सगळ्या शाळांत जाणार आणि त्यावरून प्रत्येक मुलाची चाचणी होणार. मोजणीबाईंनी आम्हा पाचही जणांशी हात मिळवला. त्यांचा हात गार होता आणि त्या खूष होत्या. म्हणाल्या, आजवर प्रत्येक मास्तर आपल्या मनाने मठ्ठ ठरवत होता, आता तसं चालणार नाही. ते मला पटलं. माझ्या मास्तरांकडे असं पुस्तक असतं तर मी कोण झालो असतो कुणास ठाऊक.

आयुष्यात पहिल्यांदा मी केलेलं काहीतरी छापलं गेलं. नाव नाही, पण त्या आकड्यांत मी आहे. एक प्रत मागून घेतली आणि जेवताना टेबलावर अशी ठेवली की सगळ्यांना दिसेल. भाऊजींनी चाळलं. विषय निघाला म्हणून मी विचारलं, लिफ्टमध्ये 'सहा माणसं' अशी पाटी असते, ती कुठली माणसं?

"सरासरी माणूस अडुसष्ट किलोचा धरायचा, असा हिशेब आहे."

"मग दोर सहा माणसांचा लावता?"

"येडा की खुळा? दोर दहापट. तो अडुसष्ट किलोवाला माझ्या लिफ्टमध्ये आजवर कधी चढलेला नाही. चढतात ते जाडे, बारके, नाहीतर कपाट घेऊन येणारे."

ताई म्हणाली, "मुंगीच्या शाळेत कधी आहे ही चाचणी?"

"डिसेंबरात. पण दुसरं कुणीतरी येईल, घरच्या माणसाला पाठवत नाहीत."

४ डिसेंबर

आज मुंगीची झाली. ताईने तिच्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या की भुवया वर गेल्या.

संध्याकाळी विचारलं, काय काय आलं होतं? ती बूट काढत होती. एक काढला, नेऊन ठेवला, परत आली, दुसरा काढला. मग म्हणाली, "घर."

"मग? केलंस?"

"त्या मावशींना दाखवलं. त्या हसल्या नाहीत."

१३ डिसेंबर

शाळेतून कागद आला. ताईने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचला, मग मोठ्याने वाचला, मग माझ्या हातात दिला. वयाच्या रेषेच्या बरीच खाली. वेळ फार. मांडणी उलटी. नव्या वर्षापासून पलीकडच्या शाळेत पाठवावं.

पलीकडची शाळा नदीपार आहे. तिथे सगळं सावकाश शिकवतात, लोक वाईट नाहीत असं म्हणतात. पण बस उजाडायच्या आत निघते आणि मूल दिवेलागणीला परत येतं. आणि तिथून परत इकडे आलेलं मूल ताईच्या ऐकिवात नाही, माझ्याही नाही. इथली शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. मुंगी एकटी जाते, भिंतीला बोट लावत.

भाऊजी जेवून झाल्यावर हात न धुताच बसून राहिले.

मी ते निळं पुस्तक टेबलावरून उचलून खोलीत नेऊन ठेवलं.

१४ डिसेंबर

झोप लागली नाही, सारखा तो बटणं खाणारा आठवत होता. सकाळी त्या पिवळ्या भिंतींच्या शाळेत गेलो. मास्तरांना म्हणालो, त्या वेळी तुम्ही ज्याला नको म्हणालात, त्याला जरा बोलावता का.

"तो? तो चालला पलीकडच्या शाळेत. रेषेखाली गेला. त्याचं काय घेऊन बसलात, माझा निम्मा वर्ग रेषेखाली गेलाय. यंदाची मुलंच मंद निघाली, करायचं काय. तुम्ही आलात तेव्हाची पोरं बघा, कशी झटपट होती."

"मास्तर, तीच मुलं आहेत ना?"

"तीच की. त्यातली निवडलेली—"

ते तिथेच थांबले. खडू हातात होता, तो त्यांनी खाली ठेवला. पुन्हा उचलला. बाहेर कुठल्या तरी वर्गात पाढे चालले होते.

"चहा घेणार?" ते म्हणाले.

नको म्हणालो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

१८ डिसेंबर

मोजणीबाईंना सगळं सांगितलं. हजेरी, निवडक मुलं, चहा, बिस्किटं, सगळं. मी बोलायला लागलो तेव्हा त्या उठल्या आणि दार लावून घेतलं.

"किती शाळांत असं झालं?"

"सगळ्या."

"आणि बाकीच्या चौघांनी?"

"त्यांना विचारा. पण चहा सगळ्यांनाच मिळत होता."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी तीन वर्षं या पुस्तकामागे होते," त्या म्हणाल्या. "आता ते सगळीकडे गेलंय. मी वर लिहीन. लिहीनच. पण उत्तर यायला वर्ष जाईल. आणि मुलांची फेरचाचणीही वर्षाने, तसा नियम आहे."

"माझी भाची आहे त्यात."

"ओळखीच्या मुलाचं वाईट वाटतंच." त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण एका मुलाने सरासरी हलत नाही."

"सरासरीने मूल हललं की, मॅडम."

त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या कुणाच्या तरी आईसारख्या दिसतात. म्हणाल्या, तुमचं काम तसंही महिनाअखेर संपतंय, पेटी आजच ठेवून गेलात तरी चालेल.

पेटी दिली. घड्याळ द्यायचं विसरलो. त्यांनी मागितलंही नाही. लिफ्टने खाली आलो. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये मी एकटा.

१९ डिसेंबर

ताईला सांगितलं. ती इस्त्री करत होती. मुंगी पलीकडे झोपली होती. भाऊजी तारेचं एक टोक सोलत बसले होते.

सांगून झाल्यावर भाऊजी म्हणाले, "दोर दहापट का लावतो ते तुला सांगितलं होतं." एवढं बोलून ते तार घेऊन बाहेर गेले.

ताई मुंगीच्या फ्रॉकवरून इस्त्री फिरवत राहिली. मी म्हणालो, ताई, शिव्या दे काहीतरी.

"शिव्या देऊन काय होणार." इस्त्री उभी केली. "तुला चौथीत मागच्या बाकावर बसवलं ना, तेव्हा मी आईला म्हटलं होतं, जाऊन विचार. आई म्हणाली, मास्तरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं."

"मी उंच होतो म्हणून बसवलं होतं."

"हो," ताई म्हणाली. "तुला तसंच सांगितलं होतं."

तिने फ्रॉक घडी करून ठेवला आणि माझा शर्ट घेतला. आज जोर लावला नाही. त्याने जास्त वाईट वाटलं. चौथीत असताना मी उंच होतो का, हे आता कुणाला विचारायचं?

५ जानेवारी

डायरी संपली, म्हणून पहिल्या कोऱ्या पानांकडे आलोय. वार जुळत नाहीत, चालायचंच.

आता काम नाही. मुंगीला बसवर सोडायचं काम मी मागून घेतलं, ताईची सकाळची पाळी असते. अंधारात उठतो. ती आधी एक मोजा घालते, मग थोडा वेळ बसते. मी घाई करत नाही, पण बस करते. चालक बरा आहे, मात्र त्याला वेळ गाठायची असते, तो दार उघडं ठेवूनच हॉर्न वाजवतो. बसमध्ये बटणं खाणाराही असतो. शर्टाला आता एकच बटण उरलंय, वरचं.

ती परत येते तेव्हा जेवता जेवता पेंगते. चित्रं नाहीत. मी टेबलाशी माझ्या जागेवर बसतो, समोर खुर्ची असते. निदान इथे ती कुणी उचलून नेत नाही.

कालव्यावरच्या होडीवाल्याने पुन्हा विचारलं, येतोस का. बावीस तारखेला सकाळी निघणार आहे, थेट समुद्रापर्यंत. म्हटलं, येतो. पिशवी भरून ठेवलीय. भरायला फार काही नसतंच.

२२ जानेवारी

सकाळी कडाक्याची थंडी होती. पिशवी खांद्याला लावूनच मुंगीला सोडायला गेलो, तिथून परस्पर जायचं होतं. तिने पिशवीकडे पाहिलं. विचारलं नाही. म्हणजे विचारणार होती, पण बस आली.

ती खिडकीशी बसली. काचेवर आतून वाफ धरली होती, तिचा चेहरा पुसट दिसत होता. मी हात हलवला. तिने हलवला नाही. तिने काचेवर बोट ठेवलं आणि थांबली. माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिली की मी सवयीने तोंड पुसलं. मग ती लिहायला लागली, तिच्या उजवीकडून डावीकडे, मान वाकडी करून. 'मा' झालं. बोट उचललं, विचार केला, पुन्हा टेकवलं. 'म' झाला. काना द्यायला बोट वर गेलं आणि बस सुटली.

बस वळणाआड गेली तरी मी तिथेच उभा होतो. ती आत, मी बाहेर, आणि अक्षरं मला सरळ दिसत होती. तिला ती उलटी दिसत असणार. आणि मग टेबल आठवलं. छप्पर तिच्या पोटाशी, जमीन लांब. लाल छप्पर माझ्यासमोर वर. मी म्हणालो होतो, वा मुंगे. माझ्या बाजूने ते वर होतं, म्हणून मला त्यात काही वेगळं दिसलंच नाही. त्या चाचणीवाल्या मावशींनाही ते घर सरळच दिसलं असणार. पण तपासायचं ते मुलाच्या बाजूने, म्हणून त्यांनी लिहिलं, मांडणी उलटी.

धावत कचेरीपर्यंत गेलो. पायऱ्यांपाशी थांबलो. वर जाऊन सांगणार काय, की ती आमच्यासाठी लावते, म्हणून वेळ लागतो? निळ्या पुस्तकात वयापुढे फक्त एक आकडा आहे. तो मीच आणून दिलाय. तिथून परत वळलो. ताई कामावरून आली की तिला आधी सांगेन. मग वर्षभर जमेल त्याला सांगत राहीन, मास्तरांना, मोजणीबाईंना, बसवाल्याला. वर्षाने फेरचाचणी आहे, तेव्हा कुणीतरी टेबलाच्या तिच्या बाजूला जाऊन बसायला हवं.

घरी आलो. पिशवी रिकामी केली. होडी एव्हाना दरवाजातून खालच्या पाण्यात उतरली असेल.

माझ्या खोलीच्या खिडकीलाही वाफ धरली होती. बोटाने 'मुंगी' लिहून पाहिलं, बाहेर उभ्या असलेल्या माणसाला सरळ वाचता येईल असं. पहिल्यांदा चुकलं, बाहीने पुसलं. दुसऱ्यांदा अनुस्वार भलतीकडे गेला. तिसऱ्यांदा सावकाश काढलं, मान वाकडी करून, एकेक रेघ. घड्याळ खिशात होतं, लावलं नाही. मग वाफ विरेपर्यंत खिडकीशी उभा राहिलो. बाहेर कुणी नव्हतं, त्यामुळे बरोबर आलं की नाही ते कळलं नाही.